हिराकाकींची पाच घड्याळं

गेल्या एप्रिलपासून मी अर्ध्या बाहीचे शर्ट घालतो. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. पण त्याआधीचे कित्येक उन्हाळे मी पेण ते रोहा हा रोजचा प्रवास पूर्ण बाहीचा शर्ट घालून, कफाचं बटण लावून, घामाने निथळत केला आहे. ते बटण मला ज्या बाईंनी उघडायला लावलं, त्या हिराकाकींबद्दल हे लिहितो आहे.

पहिली भेट पेण स्टेशनच्या फलाटावर झाली. मे महिना होता. मी रोह्याजवळच्या एका कंपनीत इंजिनिअर, सकाळच्या गाडीची वाट बघत उभा. शेजारच्या बाकावर साठी ओलांडलेल्या एक धिप्पाड बाई बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायाशी पोह्यांच्या नमुन्यांची पिशवी. बराच वेळ माझ्याकडे बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काय रं, हाताला लागलंय काय?"

"नाही."

"मग कोड हाय?"

"नाही हो, काकी."

"मग या उन्हात बाही कशाला बांधून ठेवलीस? वर कर."

आवाज असा होता की मी बाही वर केली. खाली माझं घड्याळ होतं. स्विस बनावटीचं, रोज चावी द्यावी लागणारं, निळ्या तबकडीचं. ते मी बायकोला न सांगता घेतलं होतं. घरातून निघाल्यावर घालायचं आणि घरी पोचण्याआधी काढून बॅगेत ठेवायचं, असा माझा क्रम होता. काकींनी माझं मनगट धरलं, आपल्या कानाशी नेलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"चावीचं हाय. चांगलं हाय. मग तोंड चोरासारखं का केलंस?"

खोटं बोलणं मला जमत नाही. न बोलणं तेवढं जमतं. मी सांगून टाकलं की घरी माहीत नाही. काकी एवढ्या मोठ्याने हसल्या की तिकीट खिडकीशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला. हिरव्या बांगड्यांच्या मधोमध एक लहानसं स्टीलचं घड्याळ होतं. सायीच्या रंगाची तबकडी, निळे काटे, काचेवर असंख्य बारीक चरे. ते काय आहे हे ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. अशा एका घड्याळासाठी शौकीन माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. इथे ते पोह्यांच्या कोंड्याने माखलं होतं.

"ही माझी थोरली," काकी म्हणाल्या. "माझ्या पोह्याच्या गिरणीत अजून चार हायेत. रविवारी ये बघायला. बाही वर करूनच ये."

माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला सगळ्याच गोष्टींचा अपराध वाटतो. दुसरा मोदक घेतला तरी वाटतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर घड्याळ घातलं नाही. गिरणीच्या भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले. त्यांच्या मुलाच्या मनगटावर एवढी मौल्यवान वस्तू असावी, हे मला वस्तू घेताना फार गोड वाटलं आणि घेतल्यानंतर कधीच गोड वाटलं नाही. म्हणून मी ती लपवत होतो. हिराकाकींना मात्र लपवणं या गोष्टीचाच राग होता. त्याचं कारण मला पुढे कळलं.

काकींची पोह्यांची गिरणी पेणच्या बाहेर, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. भात भिजवायचं, भट्टीवर भाजायचं, यंत्रात चेपायचं, चाळायचं. आत गेलं की गरम भाताचा गोडसर वास आणि यंत्राचा धडधडाट. कोपऱ्यात काचेची एक खोली, हे ऑफिस. तिथे लाकडी टेबल होतं, त्याच्या एका कडेला गिरणीच्या यंत्राच्या जुन्या काळ्या रबरी पट्ट्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. टेबलाची कड हाताला लागू नये म्हणून ठोकला असेल, असं मी समजलो. टेबलावर पितळी ताटलीत, लाल फडक्यावर, घड्याळं.

सगळ्यांना नावं होती. थोरली मी सांगितलीच. दुसरं 'चांदोबा': तबकडीत चंद्राची कोर वाढताना, कमी होताना दिसायची. तिसरं 'भट्टीवाला', कारण त्याच्यात बटण दाबून वेळ मोजता यायची आणि काकी त्याच्यावर भात भाजायची वेळ धरायच्या. चौथं काळ्या तबकडीचं, 'काळू'. आणि पाचवं सोन्याचं, ऑटोमॅटिक. हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारं. मुलांनी साठीला दिलेलं. त्याचं नाव 'सायेब'.

"सायेब का?"

"त्याला काय करावं लागत नाय. दुसऱ्याचा हात हालला की ह्याचं चालतं."

सायेबाला संध्याकाळी घरी हातावर चढवलं की पुरायचं; बाकीच्या चौघांना काकी रोज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी चावी द्यायच्या. अंगठा आणि तर्जनीत घुंडी धरून, सावकाश. शेवटी घुंडी घट्ट लागली की म्हणायच्या, "जेवलास? ठेव आता ताट." बंद पडलेलं घड्याळ घरात नको, हा त्यांचा कडक नियम होता. "माणूस गेलं तर आपण ठेवून घेतो का? मग घड्याळ मेलेलं का ठेवायचं?"

या घड्याळांचा नाद कुठून लागला, हे त्यांनीच एकदा सांगितलं. लहानपणी त्या आईबरोबर मिठागरात कामाला जायच्या. मुकादमाकडे घड्याळ होतं आणि ते तो बाहीखाली ठेवायचा. काम कधी सुटणार हे फक्त त्यालाच माहीत. "ज्या दिवशी जास्त काम करून घ्यायचं, त्या दिवशी तो बाही वर करायचाच नाय. ऊन उतरलं, सावल्या लांब झाल्या, तरी ह्याच्या बाहीखाली दुपारच. आई मिठात उभी. तवाच ठरवलं, माझ्याकडं घड्याळ आलं तर सगळ्यांना दिसंल असं घालीन."

आणि तसंच घातलं. गिरणीत यंत्राजवळ मोबाइल नेता येत नाही. येताना सगळ्यांनी ते दाराशी टोपलीत ठेवायचे. भिंतीवरचं घड्याळ कोंड्याने दिसेनासं व्हायचं. म्हणून गिरणीची वेळ म्हणजे काकींचं मनगट. कोणीही यायचं, ओल्या, कोंडा लागलेल्या हाताने त्यांचं मनगट धरायचं, फिरवायचं, वेळ बघायचं आणि जायचं. विचारायची पद्धत नव्हती. काकी कोणाशी बोलत असल्या तरी हात तसाच सोडून द्यायच्या, जणू तो सार्वजनिक होता. थोरलीच्या काचेवरचे चरे या बोटांचे होते.

मी एकदा म्हणालो, "काकी, काच घासून घेऊ. नव्यासारखी होईल."

"मग कोणी बघितलं ते कसं दिसंल?"

एवढं महाग घड्याळ घेणाऱ्या बाईला दुकानात कोणी कसं वागवत असेल, याची मला उत्सुकता होती. मुंबईच्या एका बड्या दुकानात त्या चांदोबा घ्यायला गेल्या तो किस्सा त्यांची सून लता हसतहसत सांगायची. गिरणीचा हिशेब लता बघायची, तीही बरोबर होती. विक्रेत्याने यांना पाण्याचा ग्लास दिला आणि लांब उभा राहिला. चुकून आलेल्या बायका, आपणहून जातील, असा त्याचा चेहरा. काकींनी काहीच न बोलता डावा हात काचेच्या टेबलावर ठेवला. विक्रेत्याची नजर थोरलीवर गेली. तो आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने खुर्ची ओढली. काकी म्हणाल्या, "आता बसते. पण हा पोरगा दाखवंल. त्यालाच दाखवू दे." आणि त्या विक्रेत्याकडून दुकानातलं एकूण एक घड्याळ काढून घेऊन, कानाला लावून, शेवटी पहिलं दाखवलेलंच घेतलं.

काकी चुकायच्या नाहीत असं मात्र नाही. एका हिवाळ्यात थोरली पुढे जायला लागली. काकींचा तिच्यावर एवढा विश्वास, की त्यांनी ती कशाशी ताडून बघितलीच नाही. जेवणाची सुट्टी रोज थोडी थोडी अलीकडे येत गेली. संध्याकाळी गिरणी उजेडीच बंद व्हायला लागली. एका रविवारी मी गेलो तर सगळे जेवायला बसलेले आणि माझ्या घड्याळात साडेअकराही झाले नव्हते.

"काकी, आज लवकर?"

"लवकर कसलं? एक वाजला." त्यांनी हात पुढे केला. मी माझा पुढे केला. दोघांची, म्हणजे थोरलीची आणि माझ्या घड्याळाची, चांगलीच फारकत होती.

काकींनी डबे उघडून बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं. "दाराशी टोपलीत मोबाइल ठेवता. घरी जाताना बघत असाल की. कोणी बोललं का नाय?"

कोणी मान वर करेना. शेवटी भट्टीवर काम करणारी राधा, जवळच्या कातकरी वाडीवरची, घास गिळून म्हणाली, "आमाला वाटलं काकी मायाळू झाल्या."

काकी आधी लाल झाल्या आणि मग पोट धरून हसायला लागल्या. कारण मी शोधून दिलं, एवढं श्रेय घेतो. यंत्रात भात ओततात तिथे, भातात आलेले खिळे आणि तारा पकडायला, एक जाडजूड लोहचुंबक बसवलेलं असतं. काकी दिवसभर नेमका त्याच्यावर डावा हात टेकून उभ्या राहायच्या. थोरलीच्या आतली केसासारखी बारीक कमान चुंबकाने भारली होती, म्हणून थोरली पळत होती. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने चुंबकत्व उतरवणाऱ्या आपल्या छोट्या यंत्रावर ती एकदा फिरवली आणि ती पुन्हा ताळ्यावर आली. लता म्हणाली, जास्तीच्या सुट्ट्यांचं काय करायचं? काकी म्हणाल्या, "ज्या दिवशी मागं पडंल त्या दिवशी भरून घेऊ." ती मागे कधीच पडली नाही.

चांदोबाची गंमत वेगळी. काकींचा धाकटा भाऊ पांडू खाडीकाठच्या गावात राहायचा. मिठागरात काम, फावल्या वेळात मासेमारी. भरती-ओहोटी त्याला चंद्रावरून कळायची, आणि चंद्र त्याला घड्याळाशिवाय कळायचा. काकी त्याला फोन लावायच्या, "पांडू, माझ्यात आज चंद्र अर्धा हाय, तुझ्याकडं किती?" तो पलीकडून ओरडायचा, "तुझा चंद्र स्वित्झर्लंडचा, त्याला आमचं पाणी कसं कळंल?" आणि दोघं मनसोक्त भांडायची.

दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा, यंत्रावर हळदकुंकू, आणि पितळी ताटलीत पाची घड्याळं. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला पूजा झाल्यावर काकींनी सगळ्यांदेखत उजव्या हाताचा अंगठा वर केला. सांधा सुजला होता.

"डॉक्टर सांगतो, हा आता चावीचं काम करणार नाय. चौघांना रोज पिळायचं म्हंजे जीव जातो. बंद पडलेलं मी ठेवणार नाय. पुढल्या दसऱ्याला या ताटात एकच असंल. बाकीची ज्याच्याकडं चालतील त्याची."

मोठा मुलगा विनायक, पेणमध्येच नोकरी करणारा, सावध माणूस, लगेच म्हणाला, "आई, त्यात विचार कसला? सायेब ठेव. त्याला चावीच लागत नाही. बाकीची मी लॉकरमध्ये ठेवतो. पुढे किंमत वाढेल."

मीही तेच म्हणालो. इथे मला कबूल केलंच पाहिजे: माझ्या सल्ल्यात खोट होती. काकींनी सायेब ठेवला तर थोरली मोकळी होणार होती, आणि मला थोरली हवी होती. फार हवी होती. मी त्यांना सुजलेल्या अंगठ्याची काळजी दाखवत होतो आणि डोळे ताटलीतल्या सायीच्या रंगावर होते.

काकींनी आम्हा दोघांकडे सारखंच बघितलं. "बघू. आधी परीक्षा."

परीक्षा साधी होती. एक घड्याळ न्यायचं, महिनाभर ठेवायचं, परत आणायचं. काकी काय तपासणार ते त्यांनी सांगितलं नाही.

विनायकने भट्टीवाला नेला. महिन्याने आणला तो मखमली पेटीत, बंद. लॉकरमधून थेट आणला होता. "एक ओरखडा नाही बघ," तो अभिमानाने म्हणाला. काकींनी घड्याळ कानाला लावलं आणि खाली ठेवलं. "ओरखडा कसा येईल? मेलेल्याला कोण बोट लावतं?"

मग भट्टीवाला राधाकडे गेला. विनायक भडकला. "आई, ती विकून टाकेल! तिला काय माहीत काय आहे ते?"

राधा तिथेच होती. "माहीत हाय," ती म्हणाली. "तुमच्या लॉकरात बंद पडतं ते हाय." आणि भट्टीकडे निघून गेली.

महिन्याने राधा आली तेव्हा घड्याळ चालू होतं. कातडी पट्टा भट्टीच्या धगीने वाळून तडकला होता, त्याच्या जागी तिने बाजारातून कापडी पट्टा लावून आणला होता. काकींनी विचारलं, "वाडीवर काय म्हणतात?"

"सगळे इचारतात किती वाजलं. एसटीला जायचं तर माझा हात धरतात. म्हातारी तर सांगते, राधे, इतक्यात आठ नको वाजवू, मना अजून चूल पेटवायची हाय."

काकींचा चेहरा उजळला. हात धरतात, हे शब्द त्यांना पोचले होते.

पांडूमामांनी चांदोबा परत आणला तो मात्र बंद. मामा म्हणाले, "हिरे, तुझा चंद्र खऱ्या चंद्राच्या पुढं धावत होता. मागं फिरवला तर बिघडंल म्हणून चावी दिली नाय, थांबवून ठेवला. म्हटलं, खरा येऊ दे तिथपर्यंत, मग दोघांना एकदमच सोडीन. आज रात्री येतो तो जाग्यावर."

काकींनी चांदोबा कानाला लावला. मग म्हणाल्या, "हे बंद पडलेलं नाय. हे वाट बघतंय." त्या संध्याकाळी पांडूमामांनी खाडीकडे तोंड करून, चंद्र वर आल्यावर, घुंडी पिळली. बहीणभाऊ नंतर पुन्हा भांडले, यावरून की चंद्र खरंच जागेवर होता का.

माझ्या वाट्याला काळू आला. मार्च महिना होता. मी इतका मन लावून परीक्षा दिली की सांगता सोय नाही. रोज ठरल्या वेळी चावी दिली. मऊ फडक्यात गुंडाळून कंपनीतल्या कपाटात ठेवला. एक दिवसही बंद पडू दिला नाही. महिन्याने काकींच्या टेबलावर ठेवला तेव्हा तो टिकटिकत होता, आणि मी विनायकपेक्षा किती चांगला, असं मला मनातून वाटत होतं.

काकींनी घड्याळ कानाला लावलंच नाही. पट्टा हातात घेऊन वाकवला, आणि वास घेतला.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "पण घातलं नाय."

पट्टा जसा नेला होता तसाच ताठ होता.

"इनायकनं इसरून बंद पाडलं. तू रोज आठवण ठेवून लपवलंस. मुकादम पण रोज चावी द्यायचा, इंजिनेर."

एवढं लागलेलं मला आयुष्यात दुसरं काही आठवत नाही. मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, मऊ नव्हता, पण रागावलेलाही नव्हता. "घरी जा. बाही वर करून जा. बॅगेत घालू नको."

मी तसा गेलो. पेणच्या बाजारपेठेतून, उघड्या मनगटाने, स्वतःच्या निळ्या तबकडीचं घड्याळ घालून. दार बायकोने उघडलं. तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मनगटाकडे. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. किती वर्षं, कसं, कुठे ठेवायचो. मग तिने मनगट हातात घेतलं.

"चालतं का बरोबर?"

"हो."

"मग ह्याच्यासाठी इतके उन्हाळे घामेजलास? मला सांगितलं असतंस तर भांडले असते, दोन दिवसांत संपलं असतं." आणि मग खरोखर भांडली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिनेच मला शिंप्याकडे पाठवलं, अर्ध्या बाहीचे शर्ट शिवायला.

गेल्या वर्षीचा दसरा मी विसरणार नाही. गिरणीत झेंडूचा वास, सगळे कामगार, मुलं, सुना, पांडूमामा, राधा. ताटलीत पाची घड्याळं. सगळ्यांनी मनातल्या मनात पैज लावली होती आणि बहुतेकांची पैज सायेबावर होती. सुजलेला अंगठा, वाढतं वय. शहाणपणाची निवड तीच होती.

काकींनी चांदोबा पांडूमामांना बांधला. भट्टीवाला राधाला. मग काळू उचलला. माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या मनगटावर माझं होतं. "लता, इकडं ये गो." लता पुढे आली. ती परीक्षेला बसलीच नव्हती. तिने काही मागितलं नव्हतं. "उद्यापासून गिरणीच्या चाव्या तुझ्याकडं. गिरणी चालवणाऱ्या बाईच्या हातावर घड्याळ पायजे. सगळ्यांना दिसंल असं." लताने हात पुढे केला. काळू बांधून होतो न होतो तोच चाळणीवरची एक बाई पुढे आली, लताचं मनगट धरलं, फिरवलं, वेळ बघितली आणि काही न बोलता मागे गेली. सगळ्या गिरणीने टाळ्या वाजवल्या.

ताटलीत दोन उरली. सोन्याचा सायेब आणि चरे पडलेली थोरली. काकींनी सायेब उचलला आणि विनायकला हाक मारली.

"मला?" विनायक गोंधळला. "मी तर नापास झालो."

"म्हणून तर तुला. चावी द्यायची तुला सवय नाय. याला चावी लागत नाय, पण हात लागतो. लॉकरात ठेवलास की मरंल. घालून हिंडलास तरच जगंल." त्यांनी तो त्याच्या मनगटावर चढवला. "आता कसा ठेवतोस पेटीत, तेच बघते."

विनायक, चाळिशी ओलांडलेला माणूस, आईसमोर मान खाली घालून उभा होता आणि हसत होता. तो हल्ली सायेब घालून बाजारात भाजी आणायला जातो. लता सांगते, गप्पा मारताना हात जरा जास्तच हलवतो.

मग काकींनी थोरली उचलून स्वतःच्या बांगड्यांमध्ये बांधली. कोणीतरी म्हणालं, "काकी, हिची घुंडी सगळ्यात घट्ट. अंगठ्याचं काय?"

"हिच्यावर सगळ्यांची बोटं लागलीत," त्या म्हणाल्या. "ही माझी एकटीची नाय, म्हणून मी ठेवणार." आणि यंत्राचं बटण दाबलं. पुढचं बोलणं धडधडाटात बुडून गेलं.

दिवाळीनंतर माझी बदली गुजरातेत झाली. निघायच्या दिवशी सकाळी लवकर मी काकींना भेटायला गिरणीत गेलो. त्यांना मी येणार हे माहीत नव्हतं. काचेच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. थोरली चार बोटांनी तळव्यात धरली होती, अंगठा लांब. आणि तिची घुंडी टेबलाच्या कडेला ठोकलेल्या काळ्या पट्ट्याच्या तुकड्यावर टेकवून त्या घड्याळ सरसर ओढत होत्या. एका बाजूला ओढलं की उचलायचं, पुन्हा पहिल्या जागी टेकवायचं, पुन्हा ओढायचं. पट्ट्याच्या रबरावर घुंडी फिरत होती आणि चावी बसत होती. कुर्र, कुर्र, कुर्र. अंगठ्याचं काही कामच नव्हतं.

मी जवळ गेलो. पट्ट्यावर एक चकचकीत खोबण पडली होती. अशी खोबण महिन्या-दोन महिन्यांत पडत नाही. मी हा तुकडा पहिल्या रविवारपासून बघत होतो.

"काकी, हे कधीपासून?"

"आंगठा पहिल्यांदा दुखला तवापासून." त्या जराही दचकल्या नाहीत.

"पण तुम्ही आमच्यासमोर अंगठ्याने..."

"तुम्हाला दाखवायला. एकटी असले की हाच."

"म्हणजे पाची..."

"चारच. सायेबाला चावी लागते का? चारी याच्यावर मजेत चालायची."

"मग दिलीत कशाला?"

त्यांनी थोरली कानाला लावली, समाधानाने मान हलवली आणि बांगड्यांमध्ये बांधली. "मी म्हटलं असतं, मना ती दुसऱ्यांच्या हातावर चाललेली बघायचीत, तर इनायक मना डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला असता. आंगठ्याचं नाव घेतलं तर सगळे गप बसले." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "मी गेल्यावर वाटली असती तर मना कसं दिसलं असतं? आता रोज बघते. भट्टीवर एक, हिशेबाला एक, खाडीवर एक. आणि इनायक हात हालवतो त्ये तर बघण्यासारखं हाय."

पाया पडलो. त्यांनी वाकून माझ्या मनगटावर टिचकी मारली, दार वाजवून बघावं तशी. "चालू ठेव."

दुपारी पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. सामान वर, बायको शेजारी. गाडी सुटायला अवकाश होता. पलीकडच्या फलाटावर रोह्याच्या गाडीची गर्दी होती आणि त्या गर्दीत हिराकाकी. मला निरोप द्यायला नव्हत्या आल्या. पायाशी नमुन्यांची पिशवी होती, रोह्याला व्यापाऱ्याकडे निघाल्या होत्या. मी हाक मारणार तेवढ्यात एक ओळखपाळख नसलेला माणूस, दोन्ही हातांत पिशव्या, त्यांच्याजवळ आला आणि काहीतरी विचारू लागला. काकींनी तोंडाने उत्तर दिलं नाही. त्यांनी डावा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि तो वाकून बघेपर्यंत तसाच धरून ठेवला.

आमची गाडी हलली. समोरच्या बाकावरचा म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "किती वाजले हो?"

मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं, आणि पूर्ण हात लांब करून त्याच्यासमोर धरला.